मास्तर मांडवातून का उठले

नाशिक, ४ जानेवारी १९८१

सहादू, जयभीम.

अडीच वर्षांत हे माझं सातवं पत्र. आधीच्या सहांना उत्तर आलं नाही म्हणून सातवं लिहू नये, असा नियम मला ठाऊक नाही. चौतीस वर्षं मास्तरकी केली. वर्गात जो पोरगा तोंड उघडत नसे त्यालाच मी पुन्हा पुन्हा उभं करायचो. तर ऊठ.

३१ तारखेला निवृत्त झालो. शाळेने निरोपाचा कार्यक्रम केला. सगळे बोलले, मी बोललो नाही. ज्याची हाक पटांगणापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायची, तो मास्तर हात जोडून खाली बसला. घसा बसला होता. थंडीचे दिवस आहेत, घसे बसतात.

तुझा राग मला पोचतो. चांदवडच्या स्टँडवर दुसऱ्या कंडक्टरांपाशी तू जे बोलतोस, ते तुझ्या गाडीच्या आधी नाशकात येतं. 'माझ्या विशाखाच्या लग्नात दादा भर मांडवातून उठून गेले. नवरदेवाच्या दंडाला ताईत दिसला होता तर मला बाजूला घेऊन सांगायचं. चारशे माणसांत विहीणबाईची शोभा कशाला केली?' असंच ना? मग माझंही एकदा लिहून ठेवतो. मी बौद्धाचार्य आहे. लग्नं लावतो ती धम्माप्रमाणे. चौसष्ट साली पिंपळगावला नवरदेवाकडच्यांनी चोरून देवीची पूजा केल्याचं कळलं, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि लग्न सोडून आलो. त्या वेळी 'माझा दादा वाघ आहे' म्हणत गावभर हिंडणारा तूच होतास. मग वाघ तुझ्या दारात आला की त्याची शेळी व्हावी काय?

मी उठलो. लोकांनी रत्नाकरच्या बाह्या वर करून पाहिल्या. काळ्या दोऱ्यातला मरीआईचा ताईत निघाला. त्याच्या आईने, पुतळाबाईने, तो सगळ्यांसमोर रडत रडत सोडला. यात माझी चूक दाखव. इकडच्या मंडळाने याबद्दल मला शाल दिली आहे.

रत्नाकर सातपूरला कंपनीत फिटर आहे. म्हणजे विशाखा माझ्या घरापासून चार मैलांवर राहते. अजून एकदाही आली नाही. तिचं नाव मी ठेवलं होतं, हे तुझ्या लक्षात असेल.

तुझा दादा,
मल्हारी

ता. क. तुझी वहिनी विचारते, तुझी गुडघेदुखी कशी आहे. मी विचारत नाही.


नाशिक, २१ जुलै १९८१

सहादू,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी चार शब्द. 'अक्षर मोठं काढत जा.' वहिनीने ते कार्ड आरशाच्या मागे खोचून ठेवलं आहे.

माझ्या अक्षराला नाव ठेवणारा तू पहिलाच. फळ्यावर मी काढलेला 'श्री' पुसायला पोरं तयार नसत. पण तुझं खरं आहे. ओळ सुरू करतो तेव्हा अक्षरं टपोरी असतात आणि शेवटाला जाईपर्यंत त्यांच्या मुंग्या होतात. मी मुद्दाम करत नाही. मोठं लिही, मोठं लिही, असं स्वतःलाच ओरडतो, तरी हात आपला आखडत जातो. एक फायदा आहे, एका अंतर्देशीयात पूर्वीची तीन पत्रं मावतात.

उजव्या हाताचा अंगठाही आपोआप बोटावर फिरत राहतो, चिमटीत तंबाखू मळावा तसा. जन्मात तंबाखूला शिवलो नाही, हे तुला माहीत आहे. कॉलनीतल्या निसार शिंप्याने परवा हळूच विचारलं, 'मास्तर, तब्येत ठीक आहे ना?' बाकीचे विचारत नाहीत, ते ठरवून मोकळे झालेत की मास्तरांनी म्हातारपणी घ्यायला सुरुवात केली. ज्या माणसाने पंचशीलाचं पाचवं शील आयुष्यभर लोकांच्या कानी-कपाळी ओरडून सांगितलं, त्याच्याविषयी! वैद्याने शक्तीच्या गोळ्या दिल्यात.

विशाखा दिसली होती. शालिमारच्या बसस्टॉपवर, कडेवर मुलगी. मला बघून ती थांबली. तिची बस आली, तिने ती सोडली. मी रस्त्याच्या या बाजूला होतो. मधे फार तर पंधरा पावलं. मी गेलो नाही. दुसरी बस आली, तिच्यात ती चढली.

गर्दी फार होती. शिवाय ऊन.

मल्हारी


नाशिक, ९ मार्च १९८२

सहादू,

हे पत्र वाचून फाडून टाक. घरात कुणाला दाखवू नकोस, स्टँडवर तर नाहीच.

मला कंपवात झाला आहे. इंग्रजी नाव पार्किन्सन. नसांचा एक तरुण डॉक्टर आठवड्यातून एकदा नाशकात येतो, त्याने मला चालवून, वळवून, बोटं उघडझाप करायला लावून सांगितलं. हा बरा होत नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. सहाला, दहाला, दोनला आणि सहाला अशा चार गोळ्या. गोळी लागू झाली की मी पूर्वीचा मल्हारी. उतरायला लागली की लाकूड. चेहराही लाकडाचा होतो म्हणे. परवा वहिनीने विनोद सांगितला, मला मनापासून हसू आलं, आणि ती म्हणाली, 'एवढं रागवायला काय झालं?'

दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटतात. सपाट रस्त्यावर चालतो, उंबरा आला की चिकटलो. वहिनीने यावर उपाय काढला. उंबऱ्याच्या अलीकडे खडूने एक आडवी रेघ ओढली. रेघ दिसली की पाय ती ओलांडायला उचलतो आणि मी बाहेर! डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, हे पुस्तकात आहे. तुझी वहिनी चौथी नापास आहे.

हे सगळं मला चालतं. हात कापतो, कापू दे. पण दुसरं एक आहे ते लिहायला दोन दिवस लावले.

मला भीती वाटते.

कशाची, ते विचारू नकोस. कशाचीच नाही. पोस्टमनने कडी वाजवली की वाटते. न्हाणीत दार लावलं की वाटते. शाळा तपासायला दिपोटी येणार असले की सकाळपासून पोटात कसं व्हायचं, तसं. फरक इतकाच की दिपोटी येऊन जायचे. छाती धडधडते, तळवे ओले होतात, श्वास वरच्या वर राहतो. आता काहीतरी भयंकर होणार आणि ते माझ्या हातून होणार, असं ठाम वाटतं. वहिनी विचारते, 'अहो, तुम्ही कुणाला भिता?' काय सांगू? छप्पन सालापासून मी गावोगाव सांगत हिंडलो की आता आपण कुणाला भ्यायचं नाही. तोच मी भाजीवाला ओरडला की पलंगाची कड धरतो.

डॉक्टरने एक प्रश्न विचारला. हात कापायला लागायच्या आधी, वर्ष-दोन वर्षं, असं अचानक घाबरायला झालं होतं का? एखाद्या कार्यक्रमात, गर्दीत?

मी नाही म्हणालो.

मल्हारी


नाशिक, ८ एप्रिल १९८४

सहादू,

तू दिवाळीच्या सुट्टीत येऊन गेलास, अर्धा तास बसलास, पिशवीभर कांदे ठेवलेस आणि विशाखाच्या लग्नाचा विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. तेवढ्यावर मी पाच महिने काढले. आता तुझ्या धाकट्या प्रज्ञाचं लग्न बुद्धपौर्णिमेला ठरलं, ते कळलं. विधी दुसऱ्याला सांगितलास, बरं केलंस. माझा आवाज आता चुलीपर्यंतही जात नाही.

पण आज जे घडलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत लिहितो.

सकाळी पावणेदहाला दार वाजलं. वहिनीने उघडलं. दारात विशाखा, आणि तिच्या मागे पदर डोक्यावर घेतलेली एक वाळकी बाई. पुतळाबाई. सहा वर्षांनी मी तिला पाहिलं. दहाची गोळी अजून घ्यायची होती, म्हणजे माझ्या अंगातली सहाची पुरती उतरली होती. मी खुर्चीत होतो आणि खुर्चीसारखाच होतो.

बाई आत आली आणि खाली बसली, माझ्या पायाशी. म्हणाली, 'मास्तर, चुकलं माजं. दोन पोरं मातीत घातली व्हती म्या. तिसऱ्याच्या टायमाला लय भ्याले. बुद्धाला सोडलं नाय, पर मरीआईला बी दुखवायचा धीर झाला नाय. त्याच्यापाई दोरा बांधला. त्या दिसापासून कुणाच्या मांडवात पाय नाय ठिवला. भैनीच्या नातीचं लगीन झालं, भायेर उभी ऱ्हाऊन ऐकलं. आता हिच्या भैनीचं हाय. तुमी माफ केलं म्हना, म्हंजी म्या आत यीन.'

सहादू, ती माझी माफी मागत होती!

मी बोलायला गेलो. जीभ हलेना. छातीत घोडा उधळला. घाम फुटला असेल, पण चेहऱ्यावर काही दिसत नाही ना माझ्या, चेहरा भिंतीसारखा राहतो. ती माझ्याकडे बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मी डोळेसुद्धा मिटू शकलो नाही. मग तिने माझ्या पायांना हात लावला आणि उठली. विशाखा म्हणाली, 'चला आत्या, मोठे बाबा दगड आहेत.' वहिनी मागे धावली, आजाराचं सांगायला लागली, पण पोरीने ऐकून घेतलं नाही.

वीस मिनिटांनी गोळी लागू झाली आणि मी रडलो. रडताना माझा चेहरा हलत होता, असं वहिनी म्हणते.

मल्हारी


नाशिक, १० एप्रिल १९८४

सहादू,

परवाचं पत्र अर्धं होतं. उरलेलं अर्धं सहा वर्षं माझ्याकडे पडून आहे, ते आज पाठवतो. आता सव्वाअकरा झालेत, माझी चांगली वेळ आहे, आणि वहिनीला समोर बसवलं आहे म्हणजे मी मधेच उठणार नाही.

मला तो ताईत दिसलाच नव्हता.

रत्नाकरने पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घातला होता. माझी नजर काही क्ष-किरणांची नाही. त्याच्या प्रतिज्ञा झाल्या. मग मी विशाखाला प्रतिज्ञा सांगायला लागलो. मी म्हणायचो, ती मागून म्हणायची. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीला माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. ऊन नव्हतं, चक्कर नव्हती, पुस्तकातलं अक्षर न् अक्षर दिसत होतं. फक्त वाटलं की मी इथे आणखी एक क्षण उभा राहिलो तर या पोरीचं काहीतरी वाईट होणार. माझ्यामुळे. चारशे माणसं माझ्याकडे बघताहेत आणि त्या सगळ्यांना आता कळणार. काय कळणार? ते मला आजही माहीत नाही. विशाखा चौथ्या प्रतिज्ञेची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पुस्तक मिटलं आणि चालायला लागलो.

तू एस.टी.तला माणूस, तुझ्या कसं लक्षात आलं नाही? मी पहिली दिसेल ती गाडी धरली. ती मनमाडची होती. नाशिककर माणूस रागावून घरी निघाला तर मनमाडच्या गाडीत बसेल का? आणि चपला? माझ्या चपला मांडवाबाहेर तशाच राहिल्या. मे महिन्याच्या डांबरावरून मी अनवाणी स्टँडवर गेलो, तळव्यांना फोड आले. तत्त्वासाठी उठलेला माणूस चपला घालून उठतो रे.

वहिनीला सांगितलं, पित्त झालं. तुला कार्ड टाकणार होतो, तब्येत बिघडली म्हणून. तिसऱ्या दिवशी मंडळाची माणसं घरी आली. 'मास्तर, काय तुमची नजर! आम्हाला कुणालाच दिसलं नाही.' मला काही कळेना. मग त्यांनी ताईताचं सांगितलं. पिंपळगावामुळे लोकांना माहीतच होतं की मास्तर उठले म्हणजे काहीतरी चोरून केलेलं असणार; म्हणून त्यांनी शोधलं, आणि निघालं. माझ्या तोंडात शब्द आले होते, 'अहो, मला बरं वाटत नव्हतं.' एवढे पाच शब्द. मी ते गिळले आणि म्हणालो, 'तत्त्वाचा प्रश्न होता.'

भित्रा ठरण्यापेक्षा कठोर ठरणं मला बरं वाटलं. हे सरळ लिहितो. मग शाल आली, फोटो निघाला, आणि त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही. ती शाल मी एकदाही पांघरली नाही. ट्रंकेत आहे.

काल डॉक्टरकडे गेलो आणि त्याच्या ज्या प्रश्नाला नाही म्हणालो होतो, त्याला हो म्हणालो. तो म्हणाला, असं होतं काहींना. भीती आधी येते, थरथर मागून दोन-चार वर्षांनी येते. ऐकून क्षणभर हलकं वाटलं. म्हणजे मांडवातून मला आजाराने उठवलं. पण शाल खांद्यावर घेतली ती काही आजाराने घेतली नाही. शालिमारला विशाखाने आपली बस सोडली, मी पंधरा पावलं गेलो नाही, तेव्हा पाय आजाराने धरले होते. पण त्या संध्याकाळी तिच्या घरी चिठ्ठी पाठवता आली असती. तीही पाठवली नाही. भीतीचं खापर आजारावर फोडतो, बाकीचं माझ्याच डोक्यावर राहू दे.

एक बाई सहा वर्षं लग्नाच्या मांडवाबाहेर उभी आहे, कारण मी भ्यालो हे मला सांगवत नाही. तिचा अपमान चारशे माणसांत झाला, तेव्हा तिला एकटीला चिठ्ठी लिहून भागणार नाही. माझं ऐक. प्रज्ञाच्या लग्नात, पंचशील घ्यायच्या आधी, हे पत्र तू उभा राहून वाच. मोठ्याने. मी घरी राहतो. मी आलो तर काय होईल ते तुला आता कळलंच आहे.

तुझा दादा,
मल्हारी


नाशिक, २ मे १९८४

सहादू,

तुझं उत्तर मिळालं. वीस दिवस लावलेस आणि तीन ओळी लिहिल्यास.

'पत्र वाचणार नाही. कुणाला सांगितलंही नाही, ते तुमचं काम आहे. तुमच्या चपला माळ्यावर आहेत, येऊन घेऊन जा.'

सहा वर्षं चपला ठेवल्यास? फेकल्या का नाहीस? इतका राग होता तर त्याच पायाने तुडवायच्या होत्यास.

मला राग आला आहे, हे तुला कळावं म्हणून लिहितो. तू निरोगी माणूस आहेस, तुला 'येऊन घेऊन जा' म्हणायला काय जातं! इथून चांदवड म्हणजे दीड-दोन तास गाडीत, अनोळखी माणसं, मग मांडव, मग तेच सगळे चेहरे. काल रात्रीपासून माझ्या पोटात दिपोटी येऊन बसलेत. वहिनी म्हणते, जाऊ नका, मी सांगते भाऊजींना. मग म्हणते, खडू बरोबर घेऊया का? तिचं तिलाच ठरत नाही.

लग्न अकराला आहे ना? साडेबाराला ठेवता येतं का बघ. दहाची गोळी लागू झाल्याशिवाय मला गाडीत चढता येत नाही, आणि ती साडेदहा ते एक एवढंच पुरते. वऱ्हाड तरी कधी वेळेवर आलंय! नाही जमलं तर नाही.

मल्हारी


नाशिक, १७ मे १९८४

सहादू,

परवा मांडवाच्या दारात जे झालं तेव्हा तू वऱ्हाडाची गाडी आणायला हायवेवर गेला होतास. आलास तेव्हा मी आत बसलेलो होतो आणि लोक गप्प होते. तुला एव्हाना दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक. या वेळी सहा वर्षं लावत नाही.

गाडी वडाळीभोईला पंक्चर झाली, हे तुला माहीत आहे. पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते आणि ऊन, गर्दी, धास्ती यांनी गोळी वेळेआधीच संपली. मांडवाच्या तोंडाशी आलो. जिथे तुझी निळी सतरंजी सुरू होते तिथे पाय चिकटले.

वहिनीने पिशवीत हात घातला. खडू घरी राहिला होता. आणि खडू असता तरी सतरंजीवर काय उमटणार होता?

मी दारात उभा. आत माणसं वळून बघायला लागली. आधी एक, मग ओळच्या ओळ. मग मी ते ऐकलं. 'मास्तर अडले. काय दिसलं रे त्यांना?' एक जण समोरच्या प्रतिमांकडे गेला आणि हारांच्या मागे काही ठेवलंय का ते बघायला लागला. दुसऱ्याने नवरदेवाच्या चुलत्याला, बिचारा आधीच येऊन बसला होता, त्याला विचारलं, 'तुमच्यात काही चोरून केलंय का? आत्ताच सांगा.' तो माणूस पांढरा पडला. प्रज्ञा पाटावरून उठून उभी राहिली.

सहादू, ते सगळं पुन्हा होणार होतं. मी काही न करता, नुसता दारात उभा राहून.

घोडा उधळलेलाच होता. मी म्हणालो, 'मी भ्यालोय.' पण आवाज कुठे? ओठापर्यंतच आला. विशाखा दारापाशी गुलाबपाणी शिंपडत होती. तिने ते ऐकलं. ती जवळ आली, माझ्या तोंडाजवळ कान आणला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, 'काय म्हणालात?'

मी पुन्हा म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग मांडवाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, 'मी भ्यालोय.'

मी म्हणालो, 'मला आजार आहे, त्यात भीती वाटते.' ती म्हणाली, 'मला आजार आहे, त्यात भीती वाटते.'

'विशाखाच्या लग्नात मी उठलो, तेव्हाही भ्यालो होतो.' ती थांबली. तिचा आवाज फाटला, पण म्हणाली.

'मला ताईत दिसला नव्हता.' हे म्हणताना ती रडत होती. तरी शब्द चुकला नाही. लहानपणापासून तिचं पाठांतर चांगलं.

'शाल मी खोटी घेतली. पुतळाबाईंचा अपमान माझ्यामुळे झाला. त्यांनी नव्हे, मी माफी मागायची आहे.'

झालं. मला वाटलं होतं की हे बोललो की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. भीतीही गेली नाही, ती होती तशीच होती. मागे कुणाचं तरी मूल पाणी मागत होतं.

पुतळाबाई बाहेरच होती, पाण्याच्या रांजणापाशी. आत जायचं नाही म्हणून तिने पाणी वाटायचं काम अंगावर घेतलं होतं. हातातला तांब्या तसाच घेऊन ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता ही तोंडावर फेकणार, आणि फेकावं. तिने तांब्या खाली केला. मग म्हणाली, 'मास्तर, म्या बी त्या दिशी भ्यालेलीच व्हते. तुमी तवाच सांगायचं व्हतं. दोगं मिळून भ्यालो असतो.'



वहिनीने तिला पायांचं सांगितलं. की समोर आडवी रेघ दिसली तर पाय उचलतो, नाहीतर नाही. पुतळाबाईने इकडे तिकडे पाहिलं. तांब्या विशाखाच्या हातात दिला, लुगडं जरा वर धरलं आणि स्वतःचा पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवला. सतरंजीच्या कडेवर, चांदीचा वाळा घातलेला, भेगाळलेला पाय.

'ह्यो घ्या. वलांडा.'

आता बघ. या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. माणसाला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते, असं आपली आजी म्हणायची तेव्हा मी मुद्दाम तुझ्यावरून तीनदा उड्या मारल्या होत्या. पण परवा त्या बाईचा पाय ओलांडायला माझं मन धजेना. सहा वर्षं आधीच तिला तुडवली होती. मी मान हलवली, नाही म्हणालो.

ती हसली, सहादू. म्हणाली, 'वलांडा वो. म्या काय आता वाढायची ऱ्हायले?'

मागची चार माणसं हसली. मीही हसलो, चेहऱ्यावर दिसलं की नाही माहीत नाही. पाय उचलला. तिचा पाय ओलांडून मी आत आलो, आणि मी सतरंजीवर पडू नये म्हणून तिने माझा दंड धरला होता, त्यामुळे तीही आत आली.

तुझा दादा,
मल्हारी

ता. क. चपला मिळाल्या. घट्ट होतात.